मोकळीक नावाच्या बंद दुकानाची हकीकत

तीर्थरूप मामांस,

कात्री, इस्त्री आणि भाची या तिघींचा नमस्कार. (तिघींत सध्या इस्त्री सगळ्यात गरम आहे आणि तिच्या खालोखाल मी. कारण पुढे येईलच.) तुमची तब्येत कशी आहे? मामी सांगत होत्या की हल्ली जिना चढताना तुमच्या गुडघ्यातून आवाज येतो आणि तुम्ही तो शेजाऱ्यांच्या दाराचा आहे असं सांगता. मामा, शेजारी महिन्यापूर्वी घर सोडून गेले म्हणे. तेव्हा आता डॉक्टरकडे जा. फोनवर तुमची चौकशी करण्यात अर्थ नाही, कारण तुम्ही फक्त 'हं' म्हणता, आणि त्या 'हं'चा अर्थ 'बरा आहे' की 'फोन ठेव' हे मला चाळिशी उलटली तरी उमगलेलं नाही. म्हणून पत्र. शिवाय जे सांगायचंय ते फोनवर मावणारं नाही, आणि मामींच्या कानावर जायच्या आधी तुमच्या कानावर गेलेलं बरं. (मामी, तुम्ही हे वाचत असाल तर तुमच्याबद्दल यात काही वाईट नाही.)

तुम्हाला ठाऊकच आहे की मी शिवणकामातलं एक आडवळणाचं काम करते. जगातले सगळे तयार कपडे एका काल्पनिक माणसासाठी बेतलेले असतात. हा माणूस दिवसभर ताठ उभा असतो, त्याचे दोन्ही हात सारखे असतात, आणि त्याला बसायची किंवा वाकायची कधी वेळच येत नाही. असा माणूस माझ्या दुकानात आजवर आलेला नाही. माझ्याकडे आले ते भूगोल शिकवणारे एक सर, चाकाच्या खुर्चीतून. त्यांची तक्रार साधी होती. पँट उभ्या माणसाची, आणि आपण बसलेले. त्यामुळे ती मागून घसरते, पुढे पोटाशी गोळा होते आणि खिसे तर असून नसल्यासारखे. मी मागची बाजू उंच केली, पुढची उतरवली, खिसे मांडीवर आणले. सरांनी खिशात हात घातला आणि लहान मुलासारखे हसले. त्या पँटची कीर्ती पसरली आणि गावोगावच्या शिंपिणी, शिंपी मला विचारू लागले. कुणाकडे एका हाताचं गिऱ्हाईक, कुणाकडे पाठीला बाक आलेल्या आजी, कुणाकडे पोटात नळी घातलेलं मूल. आम्ही एकमेकांना खाके पाठवू लागलो. खाका म्हणजे कापड बेतायच्या आधी कागदावर काढतो ते तुकडे.

हे सगळं फोनवरच्या फोटोंतून चाललं होतं, आणि तिथेच आमची पहिली फजिती झाली. डावा हात कोपरापर्यंतच असलेल्या एका गृहस्थांचा शर्ट मी बेतला आणि खाक्याचा फोटो दूरच्या एका शिंप्याला पाठवला. फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यानं डाव्याचं उजवं केलं. शिंप्यानं इमानेइतबारे उजवी बाही आखूड शिवून दिली. गिऱ्हाईक फार सज्जन. त्यांनी तो घातला, आरशासमोर उभे राहिले आणि म्हणाले, आरशात अगदी बरोबर दिसतोय. पण आरसा बरोबर घेऊन फिरता येत नाही. तेव्हा ठरलं की सगळ्यांना एकाच वेळी एकाच खाक्यावर काम करता येईल, बोलता येईल, जुनं शोधता येईल अशी इंटरनेटवरची एक सामायिक जागा हवी.

ही जागा आम्हाला विकायला (त्याच्या भाषेत 'भेट द्यायला') जो इसम आला, त्याला आम्ही गोडबोल्या म्हणतो. त्याच्या कंपनीच्या जागेचं नाव 'मोकळीक'. स्क्रीनवर त्याचं तोंड दिसायच्या आधी त्याचे दात दिसले. म्हणाला, ताई, आमचं सगळं ओपन सोर्स आहे. म्हणजे काय, असं मी विचारलं. तर म्हणाला, ज्या आज्ञांवर हे यंत्र चालतं त्या सगळ्या आज्ञा वेबवर मांडून ठेवल्यात, कुणीही यावं आणि बघावं. तुम्ही मंडळी समाजाचं काम करता, तुम्हाला मोकळंच शोभतं. मामा, मला कुणी समाजाचं काम करते म्हटलं की माझी अक्कल हात जोडून बाजूला उभी राहते. मी तिथल्या तिथे हो म्हटलं.

एकटी टाचणीबाई आडवी आली. ही पलीकडच्या गावातली शिंपीण, खांद्याच्या कामात तिचा हात धरणारं कुणी नाही, हे मी मनावर दगड ठेवून लिहिते. बोलताना तिच्या ओठांत टाचण्या असतात आणि त्या काढल्या तरी बोलणं टोचायचं थांबत नाही. ती म्हणाली, "बघायला ठेवलंय म्हणजे घ्यायला ठेवलंय का? दागिन्यांच्या दुकानातही सगळं बघायला ठेवलेलं असतं." मी तिला सांगितलं की काही लोकांना चांगलं बघवतच नाही. गोडबोल्या दोघींकडे बघून गोड हसला, आणि आम्ही मोकळीकमध्ये राहायला गेलो.

पहिले दिवस मात्र खरंच सुखाचे गेले. एक खाका, त्यावर निरनिराळ्या गावांतून निरनिराळे हात. प्रत्येकाच्या नावाचा एकेक बाण स्क्रीनवर फिरायचा. (कधीकधी जरा जास्तच फिरायचा. मी पँटला खिसा लावत होते, तेवढ्यात कुणीतरी तो बोटभर खाली घेतला, दुसऱ्यानं अजून बोटभर, आणि मी चहा घेऊन येईपर्यंत खिसा घोट्यापाशी पोचला होता. चौकशी केली तर प्रत्येकजण म्हणाला, मी फक्त बोटभरच.) पण खाके वाढले, सुधारले, आणि जिला मी तोंडावर कधी बरं म्हटलं नाही त्या टाचणीबाईबरोबर मी एक कोट बेतला. तो भूगोलवाल्या सरांचा.

त्या कोटाची गोष्ट सांगायलाच हवी. सरांना मुख्याध्यापकाच्या जागेसाठी मुलाखतीला बोलावलं होतं. आधी एकदा त्यांची अशीच मुलाखत झाली होती. तेव्हा उभ्या माणसाच्या कोटात ते बसून गेले, कोट छातीशी फुगला, गळा कानापर्यंत चढला, म्हणून तो झाकायला त्यांनी मांडीवर उभी फाइल धरली. समितीनं ती फाइल बघायला मागितली. सरांनी ती दिली नाही. देणार कशी? समितीला वाटलं गृहस्थ काहीतरी लपवताहेत. जागा दुसऱ्याला गेली. हे त्यांनी मला हसत हसत सांगितलं, पण सांगताना खुर्चीचं चाक उगाच पुढेमागे करत होते. चाकं ढकलून त्यांचे खांदे पहिलवानासारखे झालेत; त्या खांद्यांची बाही बेतणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. ती टाचणीबाईनं बेतली, चार वेळा उसवून. कोटाची लांबी, पाठ आणि पुढचे पल्ले माझे. मुलाखत तोंडावर आली, कापड आणलं, मी मोकळीक उघडली, आणि खाक्यावर धुक्यासारखा करडा पडदा.

पडद्यावर लिहिलं होतं की मोकळीक आता एका मोठ्या कंपनीच्या कुटुंबात दाखल झाली आहे, याचा आम्हाला आनंद वाटतो. (यांच्या कुटुंबात कुणी दाखल झालं की बाकीच्यांना घराबाहेर काढतात.) यापुढे आम्हाला आमचे खाके बघता येतील. बदलता येणार नाहीत, छापता येणार नाहीत, उतरवून घेता येणार नाहीत. त्यासाठी 'उच्च श्रेणी' घ्यावी, आणि तिच्यासाठी अर्ज करून वाट पाहावी. मी स्क्रीनचा फोटो काढला, तर स्क्रीनवर मावेल एवढाच बारका कोट आला, तोही करडा. त्यावरून बाहुलीचा बेतता आला असता, पण बाहुलीला कुणी मुख्याध्यापक करत नाही.

अशा वेळी आमच्या वन्सं मुक्कामाला होत्या. माझी ही थोरली नणंद कायद्याच्या कॉलेजात शिकवते आणि घरीही शिकवायचं थांबत नाही. एरवी मी त्यांच्यासमोर शिलाई मशीन मुद्दाम जोरात चालवते. त्या दिवशी मशीन बंद ठेवून मी त्यांना मोकळीकचा परवाना, म्हणजे वापरायच्या अटींचा कागद, वाचायला दिला. त्यांनी चष्मा पुसला, आणि मला कळलं की आता जेवण लांबणार. वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "वहिनी, काच स्वच्छ आहे म्हणून दुकान उघडं नसतं." (त्या मला वहिनी म्हणतात आणि तरीही माझ्यावर ओरडतात, ही त्यांची खासियत.)

त्यांनी जे कायद्याच्या भाषेत सांगितलं ते मी उसवून आपल्या भाषेत पुन्हा शिवते. गोडबोल्यानं वेबवर जे मांडलंय ते बघायची परवानगी आहे, पण ते घेऊन आपल्या यंत्रावर दहा माणसांचं काम चालवायची परवानगी नाही. म्हणजे कोट टांगलेला बघा, अंगात घालू नका. दुसरं असं की जे मांडलंय तेही सगळं नाही. सगळ्यांनी मिळून एका खाक्यावर काम करायचा भाग आणि खाका बाहेर काढायचा भाग, म्हणजे ज्या दोन गोष्टींसाठी आम्ही तिथे गेलो, त्या त्यात नाहीतच. कोटाचं कटिंग दिलंय आणि बाह्या कपाटात ठेवल्यात. आणि समजा खाका बाहेर मिळालाच असता, तरी तो अशा खुणांमध्ये लिहिलेला आहे की मोकळीकशिवाय कुणाच्या कात्रीला तो वाचता येणार नाही. मग खरं ओपन सोर्स म्हणजे काय, मी विचारलं. वन्सं म्हणाल्या, वापरता आलं पाहिजे, कुठल्याही कामाला, कुणाला न विचारता. उसवून आत बघता आलं पाहिजे. बदलता आलं पाहिजे. आणि बदललेलं दुसऱ्याला देता आलं पाहिजे. मी म्हटलं, एवढंच? त्या म्हणाल्या, एवढं एका जागी मिळालं तर मला कळव.

मी टाचणीबाईला फोन लावला. वाटलं होतं की ती 'मी सांगितलं होतं' असं म्हणेल. तिनं ते म्हटलं, पण एकदाच, आणि लगेच विचारलं, "यांचं ऑफिस कुठंय?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी बसनं तिथे गेलो. बसमध्ये ती खिडकीशी आणि मी दाराशी. मामा, ते ऑफिस तुम्ही बघायला हवं होतं. नाव मोकळीक, सगळ्या भिंती काचेच्या, आणि एकेक दार कार्डाशिवाय उघडत नाही. स्वागताला बसलेल्या बाईंनी आम्हाला आत सोडलं. आमच्यामागे एक दार लागलं, पुढचं दार कार्ड मागू लागलं, आणि आम्ही दोघी दोन काचांच्या मधे, मत्स्यालयातल्यासारख्या. येणारे-जाणारे कॉफीचे पेले घेऊन आमच्याकडे बघत होते. एकानं हात हलवला. टाचणीबाईनं त्याला टाचणी दाखवली.

शेवटी गोडबोल्या आला आणि त्यानं आम्हाला सोडवलं. दात तेच. टाचणीबाई म्हणाली, "आमच्या कोटाच्या बाह्या द्या."

"ताई, तुमचाच कोट आहे. तुम्ही कधीही बघू शकता."

"बघून सर अंगात काय घालणार?"

"त्याच्यासाठी उच्च श्रेणी आहे. अर्ज केलात की आमची टीम विचार करेल."

मी म्हटलं, "तुम्ही तर म्हणाला होता सगळं ओपन आहे."

"आहेच की. बघायला पूर्ण मोकळीक आहे," गोडबोल्या म्हणाला, आणि स्वागतकक्षाकडे हात करून आम्हाला बसायला सांगून निघून गेला. मामा, त्याच्या हाताच्या दिशेनं मी बघितलं. स्वागतकक्षाच्या भिंतीवर, जमिनीपासून माझ्या डोक्याच्या वरपर्यंत, एक भलामोठा स्क्रीन होता. येणाऱ्या पाहुण्यांनी आपल्या नावानं आत शिरून मोकळीकची करामत अनुभवावी म्हणून ठेवलेला. टाचणीबाईनं माझ्याकडे पाहिलं. मी टाचणीबाईकडे पाहिलं. आम्हा दोघींचं एकमत होण्याचा तो पहिला प्रसंग, आणि तोही एक अक्षर न बोलता.

मी माझ्या नावानं आत शिरले, कोट उघडला आणि मोठा करत गेले. प्रत्येक खाक्याच्या कोपऱ्यात आम्ही मापाची एक रेघ काढून ठेवतो. ती रेघ माझ्या टेपाला तंतोतंत जुळेपर्यंत मी कोट फुगवला. भिंतीवर सरांचा अख्खा पल्ला उभा राहिला, खऱ्या मापाचा. टाचणीबाईच्या पिशवीत पातळ कागदाचं भेंडोळं होतं. (तिच्या पिशवीत ते कायम असतं. मी याआधी त्याची चेष्टा केलेली आहे.) आम्ही कागद स्क्रीनवर लावला आणि पेन्सिलीनं गिरवू लागलो. अडचण एवढीच की स्क्रीन बोटाला भुलणारा. पेन्सिल जरा दाबली की पल्ला सरकन् बाजूला पळायचा. म्हणून श्वास रोखून, पिसानं गुदगुल्या केल्यासारखं गिरवावं लागत होतं. कागद वरून सुटायला लागला तेव्हा स्वागताच्या बाई न सांगता उठल्या, खुर्चीवर चढल्या आणि वरचं टोक धरून उभ्या राहिल्या. नंतर कळलं, त्यांच्या भावाच्या पायात लोखंडी पट्ट्या आहेत आणि त्याला पँट मिळत नाही.

पाठ झाली, पल्ले झाले, बाहीपाशी गोडबोल्या आला. त्याचे दात प्रथमच तोंडात गेलेले दिसले. म्हणाला, हे काय चाललंय? मी म्हटलं, बघतोय. तो म्हणाला, हे बघणं नाही. टाचणीबाई म्हणाली, आम्ही हातानं बघतो, शिंपी आहोत. त्यानं परवान्यात तोंड घातलं, पण परवान्यात पातळ कागदाबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. तोपर्यंत काचेपलीकडे कॉफीवाले जमले होते आणि मघाशी हात हलवलेल्यानं टाळी वाजवली. एवढ्या लोकांपुढे दोन बायकांच्या हातातून त्यांचाच कोट हिसकावणं गोडबोल्याला गोड बोलून जमेना. तो स्क्रीन बंद करायचं बटण शोधू लागला. ते स्वागताच्या बाईंच्या टेबलाखाली होतं, आणि बाई खुर्चीवर उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, सर, माझे हात गुंतलेत.

कोट शिवून झाला. सर मुलाखतीला गेले आणि परत येताना थेट माझ्या दुकानात आले. मी विचारलं, कसं झालं? म्हणाले, फार भांडण झालं. मी मनातल्या मनात कोट उसवायला घेतला. तर ते म्हणाले, समिती म्हणत होती नकाशांची खोली मोडून तिथे बैठकीची खोली करा, आणि मी म्हणत होतो, करा, मग मुलांना जग बैठकीत दाखवा. पाऊण तास कचाकचा भांडलो. "आजपर्यंत माझ्याशी कुणी भांडतच नव्हतं हो," सर म्हणाले, "सगळे फक्त विचारायचे, पाणी हवंय का." जागा त्यांना मिळाली. नकाशांची खोलीही राहिली. कोटाचा विषय कुणी काढला नाही, आणि कोटाला याहून मोठी शाबासकी नसते.

यानंतर आम्ही नवी जागा शोधली. वन्संनी परीक्षा घेतली, त्यात आधी चांगल्या गोऱ्यागोमट्या नावांच्या चार जागा नापास झाल्या. शेवटी एक मिळाली. तिचं नाव इतकं ओबडधोबड आहे की मी लिहीत नाही. ती देशोदेशीच्या लोकांनी मिळून केलेली आहे. त्यांतला एकजण म्हणे फक्त निळ्या रंगाच्या छटांवरून वाद घालतो. पण सगळं उघडं, बाह्यांसकट. घ्या, आपल्या यंत्रावर चालवा, बदला, वाटा. फक्त ज्यानं केलंय त्याचं नाव पुसू नका. खाके साध्या खुणांमध्ये, कुठल्याही कात्रीला वाचता येतील असे. टाचणीबाईचे यजमान वायरिंगची कामं करतात. त्यांना घरात बोलायला मिळत नसल्यानं ते यंत्रांशी बोलतात, आणि यंत्रं ऐकतात. त्यांनी एका जुन्या कॉम्प्युटरवर सगळं बसवून दिलं. आमच्या खाक्यांनाही आम्ही तोच परवाना लावला. जागेची मुख्य किल्ली, म्हणजे कुणी काय बदलावं हे ठरवायचा अधिकार, माझ्याकडे. (कुणीतरी घ्यायलाच हवी होती.) वन्सं जाताना पायरीवर उभ्या राहून म्हणाल्या, "खरी परीक्षा अजून व्हायचीय. तुझ्या सगळ्यात नावडत्या माणसाला सगळं उचलून निघून जाता आलं, तर ते खरं उघडं." मी हसून हात हलवला. रिक्षा वळेपर्यंत हसतच होते.

मग लोहचुंबकाची भानगड झाली. बोटं अधू असणाऱ्यांसाठी मी शर्टाला चुंबकाची बटणं लावली. जवळ नेली की आपोआप चिकटतात, बघणाऱ्याला साधी बटणं वाटतात. मला ती फार आवडली. टाचणीबाईनं खाक्यावर शेरा लिहिला: ज्याच्या छातीत हृदयाचं यंत्र बसवलंय त्यानं हा शर्ट घातला आणि चुंबकानं ते बिघडलं तर? मी लिहिलं, बटणांऐवजी चिकटपट्टी, म्हणजे व्हेलक्रो, लावली तर उघडताना अशी फरफरते की सभेत सगळे वळून बघतात. तिनं लिहिलं, मेल्यावर तर त्याहून जास्त लोक बघायला येतात. मामा, हे तिनं सगळ्यांसमोर लिहिलं. माझ्याकडे किल्ली होती. मी तिचा शेरा पुसून टाकला.

संध्याकाळपर्यंत टाचणीबाई गेली. एकटी नाही. सगळे खाके, सगळी बोलणी, अख्खी जागा जशीच्या तशी उचलून, म्हणजे सगळ्याची नक्कल करून, तिनं यजमानांकडून दुसऱ्या यंत्रावर बसवून घेतली आणि आमच्यातली निम्मी मंडळी तिकडे चहाला गेली. माझी पँट तिकडे, माझा शर्ट तिकडे. मी तळतळून वन्संना फोन लावला. म्हटलं, ही चोरी आहे! त्या म्हणाल्या, "तुझं नाव पुसलंय?" मी बघितलं होतं. नाव होतं, ठळक अक्षरांत. "तुझ्याकडचं काही कमी झालं?" नाही. "मग काय चोरलं?" मी म्हटलं, माझी अब्रू. त्या म्हणाल्या, "ती तू शेरा पुसलास तेव्हाच गेली. गोडबोल्या निदान गोड तरी बोलत होता." मी फोन ठेवला. (त्यांनी ठेवला, पण मी ठेवणारच होते.)

दोन दिवस मी तिकडे फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी गेले, फक्त बघायला. तिच्या नकलेत माझ्या शर्टावर लाल अक्षरांत सूचना होती की छातीत यंत्र असणाऱ्यांनी चुंबक वापरू नये, आणि शेजारी त्याच शर्टाचा दुसरा प्रकार: बटणं आडवी, काज रुंद, एका अंगठ्यानं ढकलली की बसतात. मी एक शिवून बघितला. फरफर नाही, चुंबक नाही. इतका नीट बसला की मला रडू आलं, रागानं. आणि मग ध्यानात आलं, मामा, की परवाना दोन्ही बाजूंनी चालतो! तिनं माझं नेलं तसं मी तिचं आणू शकते, न विचारता, दारही न वाजवता. मी आणलं. तिचं नाव लिहिलं. जरा बारीक लिहिलं होतं, ते आमच्यातल्याच कुणीतरी मोठं केलं. कारण मुख्य किल्ल्या आता आमच्याकडे तीन आहेत आणि शेरे कुणालाच पुसता येत नाहीत. आता ती काही सुधारते, मी उचलते. मी सुधारते, ती उचलते. बोलत नाही आम्ही. स्वागताच्या बाईंच्या भावाची पँट अशीच झाली, दोन गावांत मिळून, एकमेकींशी अबोला धरून. ती त्याला बसली छान.

तर अशी हकीकत. तुमचा वेळ घेतला, पण एवढं सविस्तर कळल्यावर तुम्ही मला काही विचारायचं उरलं नसेल अशी आशा आहे. गुडघ्याला जपा. मामींना सांगा की त्यांनी मागितलेलं निळं कापड मिळालं. इथे सगळे ठीक आहेत, फक्त वन्सं पुन्हा येणार आहेत.

तुमची आज्ञाधारक (जेवढी असू शकते तेवढी)
भाची

ता. क. मूळ मुद्दा लिहायचा राहिलाच. ते आमच्या जागेचं यंत्र, म्हणजे तो जुना कॉम्प्युटर, परवापर्यंत माझ्या इस्त्रीच्या टेबलाखाली होतं आणि वाफेनं खोकत होतं. तुमच्याकडे दिवे गेले तरी बॅटरी चालते, इंटरनेटची तार आहे, आणि तुम्ही घर सोडून कुठे जात नाही. शिवाय वन्संच्या मते यंत्र कुठल्याच बाजूचं नसलेल्या माणसाकडे असावं. तेव्हा ते तुमच्या कपाटातल्या फळीवर ठेवायला परवानगी असावी. नसल्यास लवकर कळवावं, कारण पार्सल परवाच निघालंय.

ता. क. दुसरा. पार्सलं दोन येतील. दुसऱ्यावर टाचणीबाईचं नाव आहे. ते तिनं पाठवलेलं नाही, मी तिच्या यजमानांकडून मागून घेतलं. तिच्या गावात दिवे फार जातात, आणि मागच्या आठवड्यात तिची जागा दिवसभर बंद होती तर मला काही सुचेना. हे तिला कळता कामा नये. ती समजते, मामांनी आपणहून यंत्र मागवलं. तेव्हा तिचा फोन आला तर कृपा करून नेहमीसारखं 'हं' म्हणा.

ता. क. तिसरा. आमचं यंत्र वरच्या फळीवर ठेवा आणि तिचं खालच्या. वरच्या फळीवर जास्त वारा लागतो आणि तिचं जुनं यंत्र लवकर तापतं असं तिचे यजमान म्हणत होते, त्यामुळे तुम्ही उलटं ठेवलंत तरी माझी हरकत नाही. फक्त मला सांगू नका.